चकाकीचा कर्ता कोण?

रेडिओच्या सावलीत वाढलेल्या मराठी माणसाला 'झुमरी तलैया' हे नाव ठाऊक नाही, असे सहसा घडत नाही. आधी रेडिओ सिलोन आणि पुढे विविध भारती. फर्माइशी गीतांचा कार्यक्रम लागला की निवेदकाच्या तोंडी हे गाव हमखास यायचे. आमच्या पिढीला त्या पर्वाचा शेवटचा तुकडा तेवढा मिळाला. असे गाव खरोखरच नकाशावर आहे की निवेदकांनी गंमत म्हणून ते रचले आहे, यावर आमच्या घरांतून वाद झालेले आठवतात. गाव खरे आहे. आजच्या झारखंडातील कोडरमा जिल्ह्यात ते आहे, आणि एके काळी त्याची ख्याती गाण्यांच्या फर्माइशींसाठी नव्हे, तर अभ्रकासाठी होती.

या दोन ख्यातींमध्ये एक नाते आहे, ते आम्हांस फार उशिरा कळले. जुन्या रेडिओच्या निर्वात नळ्यांत आणि कपॅसिटरांत अभ्रकाच्या पातळ चकत्या बसवलेल्या असत. वीज अडवणारा, उष्णता सोसणारा आणि तरीही कागदाहून पातळ पापुद्र्यांत सुटणारा असा दुसरा पदार्थ त्या काळी सहज मिळत नव्हता, आणि जगाला लागणाऱ्या उत्तम अभ्रकाचा मोठा वाटा कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यातून जात असे. म्हणजे झुमरी तलैयाचे नाव ज्या यंत्रातून आपल्या घरात ऐकू येत होते, त्या यंत्राच्या पोटात झुमरी तलैयाची माती असण्याचा संभव बराच होता. आपण नाव ऐकले, गाणे ऐकले. माती कुणी उपसली ते विचारले नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. फरक इतकाच की अभ्रक आता रेडिओत नाही. ते आपल्या चेहऱ्यावर आहे.

निमित्त घडले ते महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात. रंगभूषेच्या खोलीत मुलींची लगबग चालली होती. एका विद्यार्थिनीच्या हातात आयशॅडोची डबी होती, आणि तिच्या पाठीवरील बारीक अक्षरांतील यादी आमच्यापैकी एकाने सहज वाचायला घेतली. त्या यादीत 'मायका' हा शब्द होता, शेजारी 'सीआय ७७०१९' हा रंगद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतील क्रमांक. मायका म्हणजे अभ्रक, हे सांगितल्यावर एक मुलगी हसून म्हणाली, "सर, आमची आजी अभ्रकभस्म घेते, आम्ही अभ्रक लावतो!" त्यावर आम्हीही हसलो. मग तिला कोडरम्याबद्दल जे थोडे वाचलेले होते ते सांगितले. तिचा चेहरा उतरला आणि तिने विचारले, "मग आम्ही नटायचंच नाही का, सर?" त्या क्षणी आमच्यापाशी नीट उत्तर नव्हते. पुढील मजकूर त्या उत्तराचा शोध आहे, असे म्हटले तरी चालेल.

अभ्रक हा शब्द 'अभ्र' म्हणजे मेघ यावरून आला. नाव देणाऱ्याला त्या पापुद्र्यांत ढगांची झाक दिसली असावी. आधुनिक प्रसाधनशास्त्राला त्यात मोती दिसतो. अभ्रक दळून त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे करतात, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढवतात. थराची जाडी जशी बदलेल तसा परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. रुपेरी, सोनेरी, तांबूस, निळसर. लिपस्टिकमधील ओलसर झाक, गालांवरील हायलायटर, नखांच्या रंगातील मोतिया चमक, टूथपेस्टमधील लकाकीदेखील बहुधा याच युक्तीतून येते. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की प्रसाधने हा अभ्रकाचा एकमेव ग्राहक नव्हे. मोटारींचे रंग, विद्युत उपकरणे, बांधकामाचे साहित्य यांतही ते भरपूर लागते. परंतु ज्या वस्तूची सारी प्रतिष्ठाच 'सौंदर्य' या शब्दावर उभी आहे, तिच्याकडून त्या शब्दाचा हिशेब अधिक कडकपणे मागण्याचा अधिकार साहित्याच्या अध्यापकांना असावा, असे आम्हांस वाटते.

आता कोडरम्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागात अभ्रकाच्या खाणींचा विस्तार होत गेला. भरभराटीच्या काळात सातशेहून अधिक खाणी आणि वीस हजारांवर कामगार होते. मग तीन गोष्टी घडल्या. निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आणि मोठ्या पापुद्र्यांची मागणी घटली. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यामुळे जंगलातील खाणींना परवाने मिळणे वा नूतनीकरण होणे कठीण झाले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि त्याबरोबर एक मोठा गिऱ्हाईक नाहीसा झाला. खाणी एकामागून एक बंद पडल्या. मालक गेले, हजेरीपत्रके गेली, मजुरांना मिळणारे जे काही तुटपुंजे संरक्षण होते तेही गेले. खड्डे मात्र राहिले, आणि खड्ड्यांच्या काठावर टाकून दिलेल्या चुऱ्याचे ढीग राहिले.

या चुऱ्याला स्थानिक बोलीत 'ढिबरा' म्हणतात. पूर्वी मोठ्या पापुद्र्यांना किंमत होती तेव्हा ढिबरा म्हणजे कचरा. प्रसाधने आणि चमकदार रंग यांच्या उद्योगाला मात्र मोठे पापुद्रे नकोच असतात. त्याला अभ्रक दळूनच लागते. त्यामुळे कालचा कचरा आज कच्चा माल झाला. खाण बंद असली तरी जुन्या भोकांत शिरून, कुदळीने वा नुसत्या हाताने खरवडून, ढिबरा टोपलीत भरायचा, चाळायचा आणि दलालाला विकायचा, ही या पट्ट्यातील गावांची उपजीविका होऊन बसली. झारखंडातील कोडरमा आणि गिरिडीह, बिहारमधील नवादा आणि जमुई या जिल्ह्यांच्या जंगलपट्टीत हे चालते. बापाबरोबर आई जाते, आईबरोबर मुले जातात. अरुंद भोकात शिरायला लहान अंग सोयीचे असते, बारीक चकाकता तुकडा उचलायला लहान बोटे सोयीची असतात. 'सोयीची' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत. कारण या व्यवस्थेत बालपणाला हीच एक किंमत आहे.

किती अभ्रक असे निघते? येथे एक साधी वजाबाकी पुरेशी आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०१३-१४ या वर्षी देशातील अभ्रकाचे उत्पादन सुमारे १९,००० टन होते, आणि त्याच वर्षीची निर्यात सुमारे १,२८,००० टन. उत्पादनाचे आकडे ठेवणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. जेवढे पिकले त्याच्या सहापटीहून अधिक विकले गेले, हे कोणत्याही किराणा दुकानाच्या वहीत आढळले असते तर चौकशी बसली असती. येथे दोन्ही आकडे छापले गेले आणि फाइलबंद झाले. मधला लाखभर टनांचा फरक जुन्या साठ्यांतून आला असेल असे क्षणभर मानू. पण त्या जुन्या साठ्यांचा मोठा भाग म्हणजेच तो ढिबरा, आणि ढिबरा आपणहून चालत गोदामात जात नाही.

नेदरलँड्समधील 'तेर दे झोम' आणि 'सोमो' या संस्थांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत झारखंड-बिहारच्या या पट्ट्यात २२,००० पर्यंत मुले अभ्रकाच्या कामात असावीत, असा अंदाज दिला होता. त्याच वर्षी थॉम्सन रॉयटर्स फाउंडेशनच्या बातमीदारांनी तीन महिने फिरून जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात अवघ्या दोन महिन्यांत सात मुले बेकायदा खाणींत मरण पावल्याचे आणि हे मृत्यू दडवले गेल्याचे उघड झाले. दडवले कसे जातात, हे समजून घेण्यासारखे आहे. खाण बेकायदा, म्हणून तेथे जाणेही गुन्हा. मूल गाडले गेले अशी तक्रार करायची तर आधी आपणच गुन्हा केल्याचे कबूल करायचे. शिवाय उपजीविकेचे उरलेसुरले साधन गमवायचे. व्यापारी थोडे पैसे देतो आणि गाव गप्प राहते. या मौनाला आम्ही संमती म्हणणार नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानेही पुढे या भागात सर्वेक्षण केले, आणि २०१९ मध्ये सहा ते चौदा वयोगटातील ४,५४५ मुले शाळेत जात नसल्याचे नोंदवले. शिक्षणहक्काचा कायदा लागू होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

ढिबरा वेचणाऱ्या मुलीपासून आयशॅडोच्या डबीपर्यंतचा प्रवास कसा होतो, तेही पाहू. मुलगी टोपली भरते. गावातील दलाल ती वजनावर घेतो. तो कोडरमा वा गिरिडीहच्या व्यापाऱ्याला देतो. व्यापारी एखाद्या प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला, कारखाना निर्यातदाराला. तेथून माल परदेशी, विशेषतः चीनकडे जातो. रंगद्रव्ये बनवणाऱ्या कंपन्या त्यावर मोतिया थर चढवतात. आणि त्या कंपन्यांकडून प्रसाधनांच्या कंपन्या तो विकत घेतात. प्रत्येक टप्प्यावर माल मिसळला जातो. परवाना असलेल्या खाणीचे आणि बेकायदा भोकाचे अभ्रक एकाच गोणीत जाते, आणि गोणीवर कागद एकच लागतो. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस फक्त आपल्या आधीच्याला ओळखतो. मुलीला डबी ठाऊक नसते आणि डबीला मुलगी.

येथे आम्हांस आमच्या विषयाची, म्हणजे व्याकरणाची आठवण होते. पहिल्या वर्षाच्या वर्गात आम्ही प्रयोग शिकवतो. कर्तरी, कर्मणी, भावे; आणि शिवाय ज्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात तो, 'चोर पकडला गेला' अशा घडणीचा. या शेवटच्या प्रकाराचे वैशिष्ट्य असे की त्यात कर्त्याचा उल्लेख केलाच पाहिजे असे नाही. सरकारी परिपत्रके त्यामुळेच या प्रयोगावर प्रेम करतात. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निवेदनांचीही भाषा हीच आहे. योग्य ती दक्षता घेतली जाते. पुरवठादारांकडून हमी घेण्यात आली आहे. अनुचित प्रथा खपवून घेतल्या जाणार नाहीत. दक्षता कुणी घेतली, कुठल्या गावात जाऊन घेतली, हमी देणाऱ्याने खड्डा पाहिला होता काय, यांपैकी काहीही त्या वाक्यांत सापडत नाही. 'अभ्रक गोळा केले जाते.' वाक्य पूर्ण आहे, शुद्ध आहे, आणि त्यात माणूस नाही.

ही निव्वळ भाषिक तक्रार असती तर ती आम्ही येथे मांडली नसती. परंतु कायद्याचे घोडे नेमके याच ठिकाणी अडते. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २४ मध्ये चौदा वर्षांखालील बालकास कारखान्यात, खाणीत वा अन्य धोकादायक कामावर ठेवण्यास मनाई आहे. खाणीचा उल्लेख तेथे नावानिशी आहे. १९५२ च्या खाण कायद्यातील पुढील दुरुस्तीने अठरा वर्षांखालील व्यक्तीस खाणीत काम करण्यास बंदी केली. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तिने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच नोकरीधंद्यांत मनाई केली, पण शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात 'मदत' करण्याची मुभा ठेवली. धोकादायक कामे या मुभेतून वगळली आहेत, आणि खाणी त्या धोकादायक यादीत आहेतच. मग ढिबरा वेचणारी मुले कायद्याच्या हाती का लागत नाहीत? कारण कागदोपत्री ती खाण चालूच नाही. ती बंद पडलेली आहे. तेथे मालक नाही, मुकादम नाही, मजुरी नाही. मूल मजुरी करत नाही, ते आईला मदत करते. आई मजुरी करत नाही, ती जंगलातून काहीतरी वेचून विकते. 'कामावर ठेवणे' या क्रियापदाला येथे कर्ताच सापडत नाही.

वेठबिगारीचेही तसेच. अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आहे. पण येथे कुणी चाबूक घेऊन उभा नाही. 'ती माणसे आपल्या मर्जीने जातात' असे सांगितले जाते. या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू असताना मजुरांच्या हलाखीविषयी पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने दाद मागितली होती. १९८२ च्या त्या निकालात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी 'सक्ती' या शब्दाचा अर्थ विस्तारला. भूक आणि दारिद्र्य यांच्यामुळे माणसापुढे दुसरा मार्गच उरत नाही आणि म्हणून तो किमान वेतनाहून कमी मोलाने राबतो, तेव्हा तीही सक्तीच होय, असा त्याचा आशय आहे. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट सांगितली: काम कंत्राटदारामार्फत करवून घेतले म्हणून ज्याच्यासाठी काम होते तो मुख्य मालक जबाबदारीतून सुटत नाही. पुढे १९९६ मध्ये शिवकाशीच्या फटाका-काडेपेटी उद्योगातील मुलांच्या प्रकरणी न्यायालयाने दर मुलामागे मालकाने २०,००० रुपये पुनर्वसन निधीत भरावेत, असा आदेश दिला. या दोन निकालांत तत्त्व पुरेसे स्पष्ट आहे. कोडरम्यात उणीव तत्त्वाची नाही. ज्याच्याकडून ते पैसे भरून घ्यायचे, तो समोर उभा करता येत नाही, ही अडचण आहे. आणि तो उभा राहू नये अशाच रीतीने साखळी लांबवलेली आहे.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्यांतील दोन गंभीर आहेत.

पहिला आक्षेप पोटाचा. मुलांची ही कमाई बंद केली तर घरात चूल पेटणार नाही. शहरातील अध्यापकांनी हस्तिदंती मनोऱ्यातून नीतिपाठ देऊ नयेत. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष खरा नाही. ढिबऱ्याला मिळणारा भाव इतका कमी आहे की एका प्रौढाच्या श्रमात घर चालत नाही. म्हणून मूल जाते. आणि मूल जाते, माल अधिक येतो, म्हणून भाव कमीच राहतो. मुलाचे श्रम गरिबीवरचा उतारा भासतात. वस्तुतः ते त्या गरिबीच्या यंत्रातील एक चाक आहे. आमच्या महाराष्ट्रातील ऊसतोडीच्या फडांवर हेच दिसते. कोयत्याची उचल फेडायला सारे घर जाते, आणि मुलांच्या वह्या गावी राहतात. दारिद्र्य हे कारण म्हणून सांगताना त्या दारिद्र्याचा भाव कोण ठरवतो, हेही सांगावे लागेल. चकाकीची एक डबी ज्या किमतीला विकली जाते, तीत मुळाशी असलेल्या अभ्रकाचा खर्च नगण्य असतो. तो दुप्पट झाला म्हणून डबी महाग होणार नाही. पण ढिबऱ्याचा भाव दुप्पट झाला आणि तो खरोखर टोपलीपर्यंत पोहोचला, तर एक मूल घरी राहू शकते.

दुसरा आक्षेप नेमका उलट दिशेने येतो. या घाणीत हात घालायचाच कशाला? भारतीय अभ्रक सोडून द्या, प्रयोगशाळेत बनवलेले कृत्रिम अभ्रक वापरा. काही कंपन्यांनी तसे केलेही आहे. ब्रिटनमधील 'लश' या कंपनीने २०१४ मध्ये नैसर्गिक अभ्रक टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा निर्धार जाहीर केला आणि पुढे ती कृत्रिम अभ्रकाकडे वळली. या निर्णयामागील सद्भावनेबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु त्याने डबी स्वच्छ होते, खड्डा तसाच राहतो. मुलगी उद्या दुसऱ्या खड्ड्यात, दुसऱ्या ग्राहकासाठी, कदाचित आणखी कमी भावाने वेचेल. शिवाय ज्याने वर्षानुवर्षे स्वस्त मालाचा लाभ घेतला, त्याने हात धुऊन निघून जाणे याला आपल्याकडे प्रायश्चित्त म्हणत नाहीत. आणि एक देश सोडून दुसऱ्याकडे गेल्याने प्रश्न सुटत नाही, हे मादागास्करने दाखवून दिले आहे. तेथील अभ्रकाच्या खाणींतही लहान मुले राबत असल्याचे २०१९ मध्ये जगापुढे आले.

मधला मार्ग म्हणून कंपन्यांनी २०१७ मध्ये पॅरिस येथे 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' ही संस्था उभी केली. पाच वर्षांत भारतीय अभ्रकाची साखळी बालमजुरीमुक्त करण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले होते. ती पाच वर्षे २०२२ मध्ये सरली. उद्दिष्ट मात्र अजून पुढेच आहे. कैलाश सत्यार्थी यांच्या संस्थेने या पट्ट्यात 'बालमित्र ग्राम' या कल्पनेने गावागावांत मुलांना शाळेत आणण्याचे काम केले आहे, आणि त्यातून खड्ड्यातून बाहेर पडलेली मुले शिकत आहेत. हे काम मोलाचे आहे. पण स्वयंसेवी संस्थांनी एकेक गाव सोडवायचे आणि बाजाराने आपला भाव तसाच ठेवायचा, ही विभागणी फार काळ टिकणारी नाही.

आमच्या मते तीन गोष्टी झाल्या पाहिजेत, आणि त्यांत क्रांतिकारक असे काही नाही. एक, ढिबरा वेचणे ही चोरी समजणे थांबवून, प्रौढ वेचणाऱ्यांना परवाने आणि सहकारी संस्था यांच्या आधाराने उजेडात आणले पाहिजे. झारखंड सरकारने या दिशेने घोषणा केल्या आहेत. घोषणा आणि टोपली यांमधील अंतर मोजण्याची जबाबदारी पत्रकारांची आणि न्यायालयांची. आपल्याकडील तेंदूपत्त्याचा अनुभव सांगतो की वेचणाऱ्याला कायद्याने नाव मिळाले, की त्याला भावाबद्दल भांडता येते. जो मुळात चोर ठरवला गेला आहे तो भाव काय मागणार? दोन, मुलांकडून ढिबरा विकत घेणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे, विकणाऱ्या मुलाच्या आईबापांना नव्हे. बालहक्क आयोगाचीही शिफारस खरेदीदाराला दंडित करण्याचीच होती. तीन, साखळीच्या वरच्या टोकाला कायद्याने बांधले पाहिजे. जर्मनीत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर पुरवठा साखळीतील मानवी हक्कांची दखल घेण्याचे बंधन आले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये अशाच स्वरूपाचा निर्देश संमत केला, आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच्या अंमलबजावणीची मुदत पुढे ढकलली. उद्योगांचा दाब किती असतो ते यावरून समजावे. भारतात संपूर्ण साखळीतील बालमजुरी शोधण्याची सक्ती करणारा असा स्वतंत्र कायदा नाही. मुले आपली, खड्डे आपले, आणि प्रसाधनांची मोठी होत चाललेली बाजारपेठही आता आपलीच. तेव्हा कायद्याची वाट पॅरिस आणि बर्लिनकडे डोळे लावून पाहण्याचे कारण नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. मराठी सौंदर्यविचारात एक जुना वाद आहे. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' पासून आपण कलाकृतीच्या स्वायत्ततेची चर्चा करत आलो. सौंदर्य वस्तूच्या घाटात असते, तिच्या बाहेरील जगात नव्हे, असा एक पक्ष. दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राने त्यावर मूलभूत आक्षेप घेतला, की ज्यांचे जगणेच त्या घाटाबाहेर ठेवले गेले त्यांच्या दृष्टीने हे सौंदर्य अपुरे आहे. हा वाद आम्ही दरवर्षी शिकवतो, प्रश्नपत्रिकेत विचारतो. आयशॅडोची डबी ही काही कलाकृती नव्हे. पण वस्तूच्या चमकेपाशीच नजर थांबवायची की चमकेच्या मागे जायचे, हा प्रश्न तोच आहे. फक्त तो आता ग्रंथालयातून रंगभूषेच्या खोलीत आला आहे.

तरीही त्या मुलीला 'नटू नकोस' असे सांगणे आम्हांस अन्यायाचे वाटते. आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या कित्येक मुली घरातल्या पहिल्या पदवीधर होणार आहेत. वर्षातून एकदा रंगमंचावर उभे राहताना डोळ्यांवर थोडी चमक लावावी, हा हक्क त्यांना त्यांच्या आयांना न मिळालेल्या अनेक हक्कांबरोबर मिळाला आहे. स्त्रियांच्या नटण्यावर बोट ठेवायला आपल्या समाजाला निमित्त पुरते. कोडरम्याचे दुःख त्या जुन्या सवयीला वापरू देता कामा नये. मोटारीच्या चमकदार रंगातही अभ्रक असते, पण मोटार घेणाऱ्या पुरुषाला कुणी लाजवत नाही. डबी विकत घेणारी मुलगी साखळीच्या शेवटी आहे, वेचणारी मुलगी सुरुवातीला. दोघींनी एकमेकींपुढे अपराधी म्हणून उभे राहावे, आणि मधल्या साऱ्यांनी बाजूला व्हावे, ही त्या मधल्यांसाठी फारच सोयीची मांडणी होईल.

संमेलनानंतरच्या आठवड्यात आम्ही वर्गात एक छोटा अभ्यास दिला. फळ्यावर वाक्य लिहिले: 'अभ्रक गोळा केले जाते.' प्रयोग बदला, कर्ता घाला. बहुतेकांनी लिहिले, 'मुलगी अभ्रक गोळा करते.' व्याकरणदृष्ट्या उत्तर बरोबर होते, आणि आम्ही गुण देणारही होतो. तेवढ्यात रंगभूषेच्या खोलीतील तीच मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, हे वाक्य बरोबर आहे, पण खोटं वाटतंय. तिनं आपणहून केल्यासारखं वाटतंय." मग वर्गात थोडा वेळ चर्चा झाली, आणि कुणाला तरी मागच्या प्रकरणातील प्रयोजक क्रियापद आठवले. करणे आणि करवणे. तिथे करणारा एक असतो आणि करायला लावणारा दुसरा. शेवटी फळ्यावर वाक्य उतरले ते असे: '… मुलीकडून अभ्रक वेचवतो.' सुरुवातीच्या तीन टिंबांच्या जागी काय लिहावे यावर एकमत झाले नाही. कुणी दलाल म्हणाले, कुणी कंपनी, कुणी सरकार, एकाने 'आपण' असेही सुचवले आणि मग क्रियापद बदलावे लागेल म्हणून वही खाली ठेवली.

नटायचे की नाही, या प्रश्नाचे आमचे उत्तर आता एवढेच आहे: नटावे, आणि ती टिंबे भरून मागावीत. कंपनीला पत्र लिहून मागावीत, लोकप्रतिनिधीला विचारून मागावीत. 'दक्षता घेतली जाते' असे उत्तर आले, तर ते व्याकरणाच्या चुकीसारखे लाल शाईने परत पाठवावे.